सोन्याच्या छोट्या खाणींभोवतीची माती किती किरणोत्सारी असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाना, टांझानिया, नायजेरियात नोकरीसाठी गेलेले मराठी इंजिनिअर, भूशास्त्राचे विद्यार्थी आणि विटा-खानापूर भागातले गलाई व्यावसायिक (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे) यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः घानाचं घेतलंय, कारण तिथे छोट्या प्रमाणावरचं सोनं काढणं हजारो कुटुंबांचं पोट भरतं आणि तिथल्या मातीची मोजमापंही झालेली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. सोनं स्वतः किरणोत्सारी असतं का?

नाही. निसर्गात सोन्याचा एकच समस्थानिक सापडतो, सोनं-१९७, आणि तो पूर्ण स्थिर आहे. सोनं-१९८ नावाचा किरणोत्सारी समस्थानिक असतो, पण तो अणुभट्टीत वैद्यकीय उपयोगासाठी बनवतात आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, जेमतेम २.७ दिवसांचं आहे. खाणीतल्या सोन्यात तो नसतो. दागिन्यांबाबत एक जुना, विचित्र अपवाद घडला होता. तो प्रश्न १५ मध्ये आहे.

२. मग खाणीजवळच्या मातीत किरणोत्सारिता येते कुठून?

खडकातून. पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक खडकात आणि मातीत तीन गोष्टी थोड्याफार असतातच: युरेनियम-२३८ आणि त्याची संतती, थोरियम-२३२ आणि त्याची संतती, आणि पोटॅशियम-४०. यांची अर्धायुष्यं अनुक्रमे सुमारे ४४७ कोटी, १,४०० कोटी आणि १२५ कोटी वर्षं आहेत. पृथ्वी तयार झाली तेव्हाचा साठाच अजून संपलेला नाही.

संतती म्हणजे काय, तर युरेनियमचा अणू एका दमात स्थिर होत नाही. तो थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम अशी पायरीपायरीने उतरंड उतरत शेवटी शिशावर येऊन थांबतो. मातीतून बाहेर पडणारे गॅमा किरण बहुतेक या मधल्या पायऱ्यांवरचे असतात. खुद्द युरेनियमचे गॅमा किरण अगदी क्षीण असतात. हा मुद्दा प्रश्न १३ मध्ये फार महत्त्वाचा ठरतो.

३. बेकरेल, ग्रे, सिव्हर्ट यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

बेकरेल म्हणजे दर सेकंदाला किती अणू फुटले. एक किलो मातीत सेकंदाला ३५ अणू फुटत असतील तर ३५ बेकरेल प्रति किलो. ग्रे म्हणजे त्या किरणांची किती ऊर्जा हवेत किंवा शरीरात मुरली. सिव्हर्ट म्हणजे त्या मुरलेल्या ऊर्जेचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम लक्षात घेऊन काढलेली मात्रा. पहिलं एकक मातीबद्दल बोलतं, शेवटचं तुमच्याबद्दल. मातीचा आकडा मोठा असला तरी तुम्ही तिथे किती वेळ असता, त्या मातीची धूळ नाकात जाते की नाही, यावर तुमचा आकडा ठरतो.

४. साध्या मातीत हे प्रमाण किती असतं?

संयुक्त राष्ट्रांची किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी वैज्ञानिक समिती आहे. तिच्या २००० सालच्या अहवालातले मध्यक आकडे सगळीकडे तुलनेसाठी वापरले जातात: युरेनियम मालिका ३५, थोरियम मालिका ३०, पोटॅशियम-४० सुमारे ४०० बेकरेल प्रति किलो.

यावरून मात्रा कशी काढतात ते एकदा हाताने करून पाहा, म्हणजे अहवालातल्या आकड्यांची भीती जाईल. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचं: युरेनियमला ०.४६२, थोरियमला ०.६०४, पोटॅशियमला ०.०४१७. बेरीज येते साधारण ५१ नॅनोग्रे प्रति तास. वर्षाचे ८,७६० तास, त्यातला पाचवा हिस्सा माणूस उघड्यावर असतो असं धरायचं (म्हणून ०.२), आणि ग्रेवरून सिव्हर्टवर यायला ०.७ ने गुणायचं. उत्तर येतं वर्षाला सुमारे ०.०६ मिलिसिव्हर्ट. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: माणसाला सर्व नैसर्गिक स्रोतांपासून, म्हणजे रेडॉन, अंतराळातले किरण, अन्न आणि जमीन धरून, वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. उघड्यावरच्या जमिनीचा वाटा त्यात किती लहान आहे ते लगेच दिसतं.

आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये ही तिन्ही मूलद्रव्यं कमी असतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात जमीन या सरासरीच्या खालीच आहे. पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवर आकडा चढतो.

५. घानात गलामसे चालतं त्या भागातली माती धोकादायक आहे का?

किरणोत्सारितेच्या बाबतीत, बहुतेक ठिकाणी, नाही. पण त्याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण तेच कारण इतर देशांत लागू होत नाही.

गलामसे म्हणजे छोट्या प्रमाणावर, बहुधा परवान्याशिवाय सोनं काढणं. हा शब्द इंग्रजीतल्या 'गोळा करा आणि विका' या अर्थाच्या शब्दांवरून घानात रूढ झाला. टार्क्वा, प्रेस्टिया, ओबुआसी, ऑफिन नदीकाठचं डंक्वा हा सगळा त्याचा पट्टा. तिथे सोनं मुख्यतः तीन रूपांत मिळतं. बिरिमियन नावाच्या फार जुन्या खडकांतल्या क्वार्ट्झच्या शिरांमध्ये. टार्क्वाच्या आसपास गारगोट्यांच्या पिंडाश्म खडकात. आणि या दोन्हींची झीज होऊन नद्यांच्या गाळात. गलामसेवाले बहुधा गाळ धुतात किंवा उथळ शिरा खणतात.

टार्क्वाचा पिंडाश्म दिसायला दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या प्रसिद्ध सोनेरी खडकासारखाच आहे. इतका, की तिथल्या खाणवाल्यांचा 'बँकेट' हा शब्द (मूळचा एका डच मिठाईचा) टार्क्वालाही चिकटला. पण दोघांत एक मूलभूत फरक आहे. विटवॉटर्सरँडचे थर साचले तेव्हा, सुमारे २८० ते २९० कोटी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे युरेनिनाइट हे युरेनियमचं खनिज न विरघळता, न गंजता, नदीच्या रेतीत सोन्यासोबत वाहत आलं आणि तिथेच साचलं. टार्क्वाचे थर सुमारे २१० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तोवर हवेत ऑक्सिजन आला होता. युरेनिनाइट विरघळून निघून गेलं, आणि सोन्याच्या सोबतीला उरलं लोखंडाचं हेमॅटाइट. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: आज टार्क्वाच्या एखाद्या पोराच्या पायाखालची माती सौम्य आहे, याचं कारण २०० कोटी वर्षांपूर्वीच्या हवेत आहे.

टार्क्वाच्या खाणीभोवतीच्या माती-खडकांची घानातल्या शास्त्रज्ञांनी केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापं हेच सांगतात. तिन्ही मूलद्रव्यांची सरासरी जागतिक सरासरीपेक्षा कमी भरली. याचा अर्थ घानातला प्रत्येक खड्डा तपासून झाला असा नाही. ग्रॅनाइटच्या जवळ, किंवा काळ्या रेतीच्या ढिगावर (प्रश्न ८), आकडा वेगळा येऊ शकतो.

६. मग दक्षिण आफ्रिकेत याच विषयावर एवढी ओरड का?

कारण तिथे ती रास्त आहे. १८८६ साली विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं. १९५२ पासून तिथे सोन्यासोबत युरेनियमही जोडउत्पादन म्हणून काढू लागले, यावरूनच खडकात ते किती होतं याची कल्पना यावी. जोहान्सबर्गभोवती या खडकाच्या चुऱ्याचे पिवळसर डोंगर उभे आहेत. त्यांत युरेनियम आणि त्याची सगळी संतती आहे. क्रूगर्सडॉर्पजवळची ट्यूडर शाफ्ट ही गरिबांची वस्ती अशा जुन्या चुऱ्यावर वसली होती. २००२ मध्ये त्याच परिसरातल्या बंद खाणींमधून आम्लयुक्त पाणी जमिनीवर वाहू लागलं. आम्लात युरेनियम सहज विरघळतं, त्यामुळे प्रश्न ढिगापुरता न राहता ओढ्यांपर्यंत गेला.

हिशोब करून पाहा. चुऱ्यात दशलक्ष भागांत १०० भाग युरेनियम असेल, तर ते १,२३५ बेकरेल प्रति किलो होतं. संतती पूर्ण असेल तर त्यावर हवेतला दर सुमारे ५७० नॅनोग्रे प्रति तास. दिवसाचे थोडे तास तिथे काढले तर वर्षाला ०.७ मिलिसिव्हर्ट, घरच त्यावर असेल आणि चोवीस तास धरले तर ३.५. हे फक्त गॅमा किरणांचं, धूळ आणि रेडॉन वेगळे. आज बंद पडलेल्या शाफ्टमध्ये उतरून सोनं शोधणारे, ज्यांना तिथे झामा-झामा म्हणतात, ते याच खडकात, वायुवीजन नसलेल्या भुयारांत, आठवडेच्या आठवडे राहतात.

म्हणून 'सोन्याची खाण' एवढ्या दोन शब्दांवरून काहीही निष्कर्ष काढू नका. सोनं कोणत्या खडकात आहे ते आधी विचारा.

७. खडक फोडून, दळून किरणोत्सारिता वाढते का?

एकूण बेकरेल वाढत नाहीत. दळण्याने अणू जास्त फुटायला लागत नाहीत. पण दोन गोष्टी बदलतात. दगडात कोंडलेला रेडॉन बारीक पिठातून सहज सुटतो. आणि जी वस्तू दगड होती ती आता श्वासातून आत जाण्याजोगी धूळ झालेली असते. बाहेरच्या किरणांपेक्षा फुप्फुसात बसलेला अल्फा किरण सोडणारा कण जास्त त्रास देतो. म्हणून दळणाच्या जागी पाणी मारून धूळ बसवणं हा स्वस्तातला आणि फार परिणामकारक उपाय आहे. तो किरणोत्सारितेपेक्षाही सिलिकासाठी, म्हणजे फुप्फुसं खराब करणाऱ्या क्वार्ट्झच्या बारीक धुळीसाठी, गरजेचा आहे. कोणता धोका आधी, ते प्रश्न १४ मध्ये येईल.

८. आम्ही धुतलेल्या रेतीतली काळी रेती गोणीत भरून खोलीत ठेवली आहे. चालेल का?

ती राहत्या खोलीत ठेवू नका.

उतरत्या फळीवर गालिचा अंथरून रेती धुतली की सोन्यासोबत सगळे जड कण मागे राहतात: मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, झिरकॉन, गार्नेट आणि कुठे कुठे मोनाझाइट. पहिली दोन निरुपद्रवी आहेत. झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं. मोनाझाइटमध्ये मात्र काही टक्के थोरियम असतं. ५ टक्के थोरियम धरलं तर शुद्ध मोनाझाइटमध्ये एका किलोला सुमारे २ लाख बेकरेल होतात. तुमच्या काळ्या रेतीत त्याचा हिस्सा फक्त १ टक्का असला तरी ती रेती २,००० बेकरेल प्रति किलोवर गेली, म्हणजे साध्या मातीतल्या थोरियमच्या ६०-७० पट. नदीकाठची माती अगदी साधी असूनही धुणाऱ्याच्या गोणीत ही साठवण होते. मातीच्या पाहणीत हा कोपरा हमखास सुटतो, कारण नमुने मोकळ्या जमिनीचे घेतात, गोणीचे नाही.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने युरेनियम आणि थोरियम मालिकांसाठी १,००० बेकरेल प्रति किलो ही पातळी धरली आहे. त्याच्या वर गेलं की नियंत्रणाचा विचार करायचा. भारतात तर मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येतं, परवान्याशिवाय त्याचा साठा किंवा व्यापार करता येत नाही. आपल्या रत्नागिरीच्या काळ्या पुळणीत इल्मेनाइट आहे म्हणून कोकणातूनही हा प्रश्न येतो. मोनाझाइटचं मोठं प्रमाण केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आहे.

९. पारा किंवा सायनाइड वापरल्याने माती किरणोत्सारी होते का?

नाही. ही सोनं वेगळं काढायची रसायनं आहेत, त्यांनी अणूचं केंद्रक बदलत नाही. त्यांची हानी वेगळी आणि मोठी आहे (प्रश्न १४).

१०. उभ्या खड्ड्यांत आणि भुयारांत उतरणाऱ्यांना रेडॉनचा धोका किती?

मातीपेक्षा या प्रश्नाची काळजी जास्त करावी असं माझं मत आहे, आणि नेमका याचाच आकडा फार थोड्या ठिकाणी घेतलेला असतो.

रेडॉन-२२२ हा वायू रेडियमपासून सतत तयार होतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे खडकाच्या भेगांतून भुयारात पोचायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. मोकळ्या हवेत तो साधारण १० बेकरेल प्रति घनमीटर असतो. घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १०० ही संदर्भपातळी सुचवली आहे, आणि ती जमलीच नाही तर कुठल्याही परिस्थितीत ३०० च्या वर नको असं म्हटलं आहे. बंद भुयारात, साध्या खडकातही, आकडा याच्या कितीतरी पट चढू शकतो, कारण हवा हलतच नाही. रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे खाणकामगारांच्या अभ्यासांतूनच सिद्ध झालं. सिगारेट ओढणाऱ्याला तो धोका अनेक पटींनी जास्त.

उपाय साधा आहे: हवा खेळती ठेवणं. दोन तोंडं असलेला खड्डा, हाताने चालणारा भाता, छोटा पंखा, जे परवडेल ते. पेट्रोलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचं इंजिन मात्र भुयारात उतरवू नका. रेडॉनला वर्षं लागतात. इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत माणूस मारतो.

११. चुऱ्याची बारीक रेती फुकट मिळते. तिने घर बांधलं तर?

मोजल्याशिवाय नको. उघड्यावर माणूस दिवसाचे चार-पाच तास असतो, घरात उरलेले सगळे. शिवाय घरात किरण चारी भिंतींतून येतात आणि रेडॉन कोंडला जातो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन गावात युरेनियम गिरणीचा चुरा हजारो घरांखाली भराव म्हणून वापरला गेला आणि नंतर तो उकरून काढावा लागला. ती सोन्याची खाण नव्हती, पण चूक तीच: बारीक, स्वच्छ, फुकट रेती कुणाला नको असते?

बांधकामाच्या साहित्यासाठी युरोपात एक सोपा निर्देशांक वापरतात. रेडियमचा आकडा भागिले ३००, थोरियमचा भागिले २००, पोटॅशियमचा भागिले ३,०००, आणि तिन्हींची बेरीज. ती १ च्या आत असेल तर बरं. साध्या मातीची (प्रश्न ४) ही बेरीज सुमारे ०.४ येते. घानातल्या क्वार्ट्झ शिरांचा चुरा या कसोटीत बहुधा पास होईल. पण त्यात आर्सेनिक आणि पारा असू शकतो, आणि त्यांची कसोटी हा निर्देशांक घेत नाही.

१२. गायगर मीटरवर ०.२५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास दिसतंय. पळून जाऊ?

नको. जमीन आणि अंतराळातले किरण मिळून ०.१ च्या आसपास आकडा जगात कुठेही दिसतो, ग्रॅनाइटवर त्याच्या दुप्पटही. शिवाय स्वस्त मीटर एका वाचनात भरपूर हेलकावे खातो. मीटर जमिनीपासून एक मीटर उंच धरा, दहा मिनिटांची सरासरी घ्या, मग तसंच खाणीपासून दोन-तीन किलोमीटर दूर, त्याच प्रकारच्या खडकावर घ्या. दोन्हींत फरक नसेल तर ती तिथली जमीनच तशी आहे, खाणीने काही केलेलं नाही. खाणीच्या ढिगावर आकडा दुप्पट-तिप्पट येत असेल तर तिथला नमुना प्रयोगशाळेत द्या.

या मीटरला रेडॉन कळत नाही, पाण्यातलं युरेनियम कळत नाही, आणि नमुन्यात थोरियम आहे की युरेनियम हेही कळत नाही. ढिगांची आपसात तुलना करायला मात्र तो चांगला आहे.

१३. अहवालात युरेनियम कमी आलंय, रेडियम-समतुल्य ३७० च्या आत आहे, पण 'आजीवन कर्करोग जोखीम' सरासरीपेक्षा जास्त लिहिलीय. नक्की काय समजायचं?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत गोंधळाचा प्रश्न. एकेक घेऊ.

रेडियम-समतुल्य म्हणजे रेडियमचा आकडा, अधिक थोरियमचा १.४३ पट, अधिक पोटॅशियमचा ०.०७७ पट. ३७० ही मर्यादा मुळात बांधकामाच्या साहित्यासाठी ठरवलेली आहे. शेताच्या किंवा खाणीच्या मातीवर ती लावून 'सुरक्षित' असा शिक्का मारणं हा शोधनिबंधांमधला रूढ प्रघात आहे, पण धूळ, पाणी, रेडॉन यांच्याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

आजीवन जोखीम काढायची पद्धत अशी: वर्षाची मात्रा गुणिले ७० वर्षं गुणिले ०.०५ प्रति सिव्हर्ट. प्रश्न ४ मधली साधी माती घेतली तर उत्तर दहा हजारांत दोन येतं. म्हणजे इतक्या लहान मात्रेचा ७० वर्षांवर सरळ गुणाकार केलाय, कुणाच्या तब्येतीची पाहणी केलेली नाही. सरासरीपेक्षा थोडा जास्त आकडा आला म्हणून गावात कर्करोग वाढला असा अर्थ होत नाही. अशा एका तक्त्यावरून गाव घाबरवणाऱ्या बातम्या मी वाचल्या आहेत, आणि लोकांनी त्या मनाला लावून घेतलेल्याही पाहिल्या आहेत.

काही अहवालांत '१ मिलिसिव्हर्टची मर्यादा' येते. ती माणसाने हेतुपुरस्सर चालवलेल्या उद्योगाने पार्श्वभूमीवर जी भर घातली तिच्यासाठी आहे. मूळच्या जमिनीला ती लागू नाही.

आता युरेनियम कमी येण्याबद्दल. अस्पर्श खडकात युरेनियम आणि त्याची संतती यांचे बेकरेल समान असतात. पण विटवॉटर्सरँडसारख्या ठिकाणी कारखान्याने युरेनियम काढून घेतलं असेल, तर रेडियम चुऱ्यातच मागे राहतं, आणि रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. युरेनियम कमी, तरी ढीग तितकाच तापट. उलटही होतं: आम्लयुक्त पाण्याने युरेनियम वाहून नेलं आणि खालच्या ओढ्याच्या चिखलात साठवलं, तिथे गॅमा किरण फारसे दिसत नाहीत पण युरेनियम भरपूर. म्हणून अहवालात युरेनियम आणि रेडियम वेगवेगळे मोजलेत का, ते आधी बघा. पुष्कळदा 'युरेनियम' म्हणून लिहिलेला आकडा खरं तर बिस्मथ-२१४ च्या गॅमा रेषेवरून, म्हणजे रेडियमवरूनच काढलेला असतो. त्यासाठी नमुना हवाबंद डब्यात महिनाभर ठेवावा लागतो, नाहीतर रेडॉन निसटून आकडा कमी येतो. डबा किती दिवस बंद ठेवला ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

आणि सरासरीवर समाधान मानू नका. वीस नमुन्यांची सरासरी ४० असेल आणि त्यातला एक ४०० असेल, तर तो एक कुठून आला हाच खरा प्रश्न आहे.

१४. आधी कशाची काळजी करायची? आमच्याकडे लहान मुलं आहेत.

बहुतेक छोट्या खाणींवर क्रम असा लागतो, आणि तो मी पूर्ण विचार करून लिहितोय: शिसं (खडकात असेल तर), पारा, सिलिकाची धूळ, बुडण्या-गाडण्याचे अपघात, आणि मग किरणोत्सारिता.

नायजेरियातल्या झाम्फारा राज्यात २०१० साली काय झालं ते प्रत्येक खाणकुटुंबाला माहीत असायला हवं. तिथल्या सोन्याच्या खडकात शिसं प्रचंड होतं. लोक दगड घरी आणून अंगणात फोडत, दळत. धूळ मुलांच्या हातातोंडात गेली. ४०० हून अधिक मुलं गेली. मदतीला आलेल्या डॉक्टरांच्या तुकड्यांना कळेपर्यंत काही गावांत पाच वर्षांखालची मुलं मोठ्या संख्येने दगावली होती. अंगणांची वरची माती खरवडून काढावी लागली तेव्हा कुठे उपचारांचा उपयोग होऊ लागला. तिथे कुणी गायगर मीटर फिरवला असता तर त्याला काहीही दिसलं नसतं.

पाऱ्याचं तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या जागतिक पाहणीनुसार माणूस हवेत सोडतो त्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के छोट्या सोनेखाणींतून जातो. सोनं-पाऱ्याचा गोळा चुलीवर जाळला की वाफ घरभर पसरते, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचते. गरोदर बाई त्या खोलीत असूच नये. वाफ पकडून पारा परत मिळवणारं झाकणाचं भांडं, ज्याला रिटॉर्ट म्हणतात, ते वापरा. मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे, आणि घराच्या वस्तीत पारा जाळणं बंद करणं हे त्यातलं एक कलम आहे.

मुलांसाठी: दगड फोडणं-दळणं घरापासून दूर. कामाचे कपडे घराबाहेर उतरवायचे. खाण्यापूर्वी हात धुवायचे. मसाला दळण्याच्या चक्कीत खडक कधीही दळायचा नाही. यातली प्रत्येक गोष्ट किरणोत्सारी धुळीलाही तेवढीच लागू पडते, त्यामुळे वेगळी तयारी लागत नाही.

१५. आम्ही गलाईवाले. बाहेरून आलेलं कच्चं सोनं किरणोत्सारी असू शकतं का?

छोट्या खाणीतल्या सोन्याचा गोळा वितळवला की युरेनियम-थोरियमचे अंश मळीत जातात, सोन्यात नाही. त्या बाबतीत निश्चिंत राहा. पण असा गोळा पाऱ्याने काढलेला असेल तर भोकाभोकांच्या त्या सोन्यात पारा उरलेला असतो, आणि मुशीत घातल्यावर तो तुमच्या दुकानात उडतो. घानातल्या सोनं विकत घेणाऱ्या दुकानांत हीच अडचण आहे. धुराडं नीट ओढतंय ना, एवढं बघा. नायट्रिक आम्लाच्या तांबूस वाफा आणि शिसं यांचा त्रास तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

जुना अपवाद असा: अमेरिकेत कर्करोगावरच्या उपचारासाठी रेडॉन भरलेल्या बारीक सोन्याच्या नळ्या वापरत. त्या नळ्यांचं सोनं चुकून मोडीत गेलं आणि त्याच्या अंगठ्या झाल्या. रेडॉन संपला तरी त्याची संतती शिसं-२१० सोन्यात उरली होती, आणि ती घालणाऱ्यांच्या बोटांना जखमा झाल्या. खाणीशी त्याचा संबंध नव्हता.

१६. पाणी आणि भाजीपाल्याचं काय?

थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. युरेनियम विरघळतं, विशेषतः आम्लयुक्त किंवा कार्बोनेट असलेल्या पाण्यात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पातळी लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आणि ती किरणांमुळे नव्हे तर मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक त्रासामुळे ठरवलेली आहे. भाज्या मातीतून ही मूलद्रव्यं फार थोडी ओढतात. पालेभाजीवर बसलेली धूळ जास्त असते, म्हणून धुऊन घ्या. पोटॅशियम-४० ची काळजी करू नका. शरीर पोटॅशियम आपल्या गरजेपुरतंच ठेवतं, आणि प्रत्येक प्रौढाच्या अंगात सेकंदाला चार हजारांहून अधिक पोटॅशियमचे अणू तसेही फुटत असतात.

१७. भारतात कोलार किंवा सुवर्णरेखेकाठी अशी स्थिती आहे का?

कोलारचं सोनं अ‍ॅम्फिबोलाइट या गडद खडकातल्या क्वार्ट्झच्या शिरांमध्ये आहे. या जातीच्या खडकात युरेनियम-थोरियम कमीच असतं. खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, पण चुऱ्याचे ढीग तसेच आहेत. तिथली खरी तक्रार वाऱ्याने उडणाऱ्या, सायनाइडने प्रक्रिया केलेल्या धुळीची आहे. (याच खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९६५ साली वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो पकडले होते.)

सुवर्णरेखेचं वेगळं. नदीकाठच्या काही गावांत आजही रेती धुऊन सोन्याचे कण काढतात, आणि तीच नदी पुढे सिंहभूमच्या युरेनियम पट्ट्याजवळून जाते, जिथे जादुगुडाची खाण १९६७ पासून आहे. तिथे माती किंवा रेती मोजताना नदीचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगळे घ्यायलाच हवेत.

१८. केरळात लोक थोरियमच्या वाळूवर पिढ्यानपिढ्या राहतात आणि त्यांना काही होत नाही. मग ही सगळी चर्चा कशाला?

करुनागप्पळ्ळी भागातल्या सुमारे ७०,००० लोकांचा सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा झाला, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जमिनीच्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. अभ्यास चांगला आहे, मी त्याचा आदर करतो. पण ते लोक समुद्राच्या वाऱ्यात, वाळूवर राहतात. किरण बाहेरून येतात, वाळूचे कण जड असतात, श्वासात जात नाहीत. विटवॉटर्सरँडच्या भुयारातला माणूस तिथला खडक दळून, पिठासारखा, बंद हवेत श्वासात घेतो, आणि त्याच्या फुप्फुसात सिलिका आधीच बसलेली असते. दोघांच्या जमिनीचा बेकरेल आकडा सारखा आला तरी दोघांना एकाच तक्त्यात बसवू नका. तुमच्या जागेचा नमुना पाठवताना म्हणूनच मातीसोबत हेही लिहून पाठवा: खडक कोणता, दळणं कुठे होतं, माणसं तिथे किती तास असतात, आणि झोपतात कुठे.